निळा चीक आणि निकेल

प्रश्न : झाडाला चीर दिली की निळा-हिरवा चीक गळतो, असा एक व्हिडिओ फिरतोय. त्या चिकात धातू असतो म्हणे. खरं का? आमच्याकडे क्रोमाइटची जमीन आहे, तिथे अशी झाडं सापडतील का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : चीक खराच आहे. झाड पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचं, पिक्नँड्रा अक्युमिनाटा, आपल्या चिकूच्या कुळातलं. 1976 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जाफ्रे आणि सहकाऱ्यांनी वाळलेला चीक तपासला, तर त्यात सुमारे 25 टक्के निकेल निघालं! रंगही निकेलचाच. सुटं निकेल पेशीला विषारी, म्हणून झाड ते सायट्रेटला, म्हणजे लिंबातल्याच आम्लाला, जखडून ठेवतं. निकेल साठवणारी इतर झाडं ते बहुधा पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या पाणीभरल्या पिशव्यांत) कोंडतात.

पण हे अपवाद. सर्पेंटाइन म्हणजे मॅग्नेशियम-निकेल भरपूर असलेला खडक, क्रोमाइट बहुधा त्याच्याच सोबतीने सापडतं. त्याच्या जमिनीतली बहुतेक झाडं धातू मुळांपाशीच अडवतात. तिथे निकेलइतकाच जाच उपासमारीचा : मॅग्नेशियम उदंड, कॅल्शियम तुटपुंजं, स्फुरद-पालाश नावापुरतं.

क्रोमाइटमधलं क्रोमियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ते झाडात फारसं चढत नाही. शोधायचं तर निकेल शोधा. डायमिथाइलग्लायॉक्झिम (निकेल भेटलं की लाल होणारं रसायन) याचं अल्कोहोलमधलं 1 टक्का द्रावण करून त्यात पांढरा गाळणकागद बुडवा आणि वाळवा. ताजं पान धुऊन, पुसून, चुरगळून त्या कागदावर अंगठ्याने जोरात दाबा. डाग गुलाबी-लाल उमटला, तर वाळल्या पानात किलोमागे 1 ग्रॅम किंवा अधिक निकेल असण्याची शक्यता. फसगत होते ती धुळीने. पान नीट धुतलं नाही, तर मातीतल्या निकेलचेच ठिपके उमटतात. वाळलेलं पान असेल, तर आधी पाण्याचा थेंब टाका. तीन-चार झाडांची पानं घ्या, आणि खरा आकडा हवा तर प्रयोगशाळाच गाठा.

प्रश्न : मोहरी लावून शिशाची माती साफ होते का?

उत्तर : नुसत्या मोहरीने नाही. शिसं मातीला घट्ट धरून असतं, पानांपर्यंत फार थोडं पोचतं. ईडीटीए (धातूला धरून विरघळवणारं रसायन) घातलं की चढतं खरं, पण पावसात तेच शिसं खाली भूजलाकडे झिरपतं, त्यामुळे घरच्या परसात हा उद्योग नको. अशा मातीतली पालेभाजी खाऊ नका, तिचा पालाही कंपोस्टमध्ये टाकू नका. शिसं कुजत नाही, खतातून परत वाफ्यातच येतं.