टेक्सासच्या आडवळणाच्या काउंटीत कोण ‘आत’ आहे, हे कसं शोधायचं

तेजस्विनी,

तू तीन गोष्टी विचारल्यास. ज्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, तुला शाळेची नोकरी मिळाली आहे तिथं अटक झालेल्यांची नावं खरंच कुणालाही बघता येतात का? ज्यांचं घर भाड्यानं घ्यायचं आहे त्यांची चौकशी त्यातून होईल का? आणि उद्या आपल्यापैकीच कुणावर वेळ आली, तर ते साताऱ्यात बसलेल्या माणसाला दिसेल का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं जवळजवळ नाही. तिसऱ्याचं, दुर्दैवानं, हो. मी वकील नाही. पॅनहँडलमधल्या, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या, एका लहान गावात १४ वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते आहे. पण हे कागद मला घरच्यासाठी शोधावे लागले आहेत, तेव्हा लिहिते.

आधी शेरीफ. आपल्याकडे शेरीफ म्हणजे मुंबईचा नगरपाल, नुसतं मानाचं पद. इथला शेरीफ दर ४ वर्षांनी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. काउंटीचा पोलिसप्रमुख तोच आणि बहुतेक ठिकाणी जेलरही तोच. गावच्या पोलिसांनी धरलं, शेरीफच्या डेप्युटीनं धरलं किंवा हायवेवर राज्याच्या ट्रूपरनं धरलं, तरी लहान भागात माणूस अखेर काउंटी जेललाच येतो. तिथं त्याचं ‘बुकिंग’ होतं. नाव, जन्मतारीख, फोटो, बोटांचे ठसे, आरोप, जामिनाची रक्कम आणि कुणी पकडलं, एवढं त्यात असतं. इथं जेल आणि प्रिझन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेलमध्ये बहुतेक आपल्या भाषेतले कच्चे कैदी. शिक्षा होऊन पक्के झालेले राज्याच्या प्रिझनमध्ये जातात आणि त्यांची यादी राज्याकडे वेगळी असते. एखादा माणूस काउंटीच्या यादीत नाही याचा अर्थ तो सुटला असाच नव्हे. तो मोठ्या घरी गेला असेल.

म्हणून पहिलं काम, काउंटी नक्की करणं. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीची लोकसंख्या होती ६४, आपल्याकडं एका वाड्यात मावेल एवढी. उलट अमरिलो हे एकच शहर पॉटर आणि रँडल अशा दोन काउंट्यांत पसरलेलं आहे, म्हणजे दोन शेरीफ आणि दोन जेल. शिवाय काही लहान काउंट्यांना स्वतःचं जेलच नाही. त्यांचे कैदी शेजारच्या काउंटीत ठेवलेले असतात. एका यादीत नाव सापडलं नाही तर शेजारची यादी उघडायची.

यादी कुठं मिळते? मोठ्या काउंटीच्या शेरीफच्या संकेतस्थळावर ‘जेल रोस्टर’ किंवा ‘इनमेट सर्च’ असं काहीतरी असतं. लहान काउंटीत कधी नुसती पीडीएफ असते, कधी फेसबुकचं पान, कधी काहीच नाही. तिथं सरळ फोन करायचा, पण ९११ या आणीबाणीच्या नंबरावर नव्हे, शेरीफच्या कार्यालयाच्या साध्या नंबरावर. पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची आणि हा माणूस तुमच्याकडे आहे का, आरोप काय, जामीन किती, एवढंच विचारायचं. माझा अनुभव असा की खेड्यातली डिस्पॅचर, म्हणजे शेरीफच्या कार्यालयात फोन घेणारी बाई, संकेतस्थळापेक्षा जास्त आणि खरं सांगते, फक्त आपण हवापाण्याचे दोन शब्द बोलायची तयारी ठेवायची. बऱ्याच गावांत साप्ताहिकातही बुकिंगची यादी छापून येते. आमच्याकडे लोक ती निधनवार्तांच्या आधी वाचतात.

मात्र रोस्टर म्हणजे आज आत कोण आहे एवढंच. माणूस सुटला की नाव बहुधा उडतं. जुनी नोंद हवी असेल तर लेखी अर्ज करायचा. कायद्याचं नाव टेक्सास पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट, आपल्या माहिती अधिकाराचा थोरला भाऊ. अटक झालेला माणूस, अटक आणि गुन्हा यांची मूळ माहिती तपास चालू असतानाही रोखता येत नाही. तुम्हाला ही माहिती कशाला हवी, असं अधिकाऱ्यानं विचारायचं नसतं. माहिती अडवायची असेल तर त्यांना कामाच्या १० दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाकडे, तसा निर्णय मागावा लागतो. साध्या प्रतीला पानामागे १० सेंट. अर्जात नाव, अंदाजे तारीख आणि ‘बुकिंग शीट’ एवढे शब्द पुरतात. ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नकोस, फाटे फुटतात.

पण बुकिंगचा कागद ही गोष्टीची पहिली ओळ असते, आणि शेवटची ओळ कोर्टात सापडते. गंभीर गुन्हे, म्हणजे फेलनी, डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. क्लास ए आणि बी मिसडिमीनर, म्हणजे त्याहून हलके गुन्हे, काउंटी क्लार्ककडे. नुसत्या दंडाचे, ५०० डॉलरपर्यंतचे क्लास सी, जस्टिस ऑफ द पीस या किरकोळ खटल्यांच्या न्यायाधीशाकडे किंवा गावच्या म्युनिसिपल कोर्टात. ८,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत पहिल्या दोघांचं काम एकच क्लार्क बघू शकतो, म्हणजे एकाच खिडकीवर काम होतं. माहिती अधिकाराचा तो कायदा कोर्टांना लागू नाही, तिथं थेट क्लार्कला विचारायचं. मागायचा कागद एकच, ‘डिस्पोझिशन’, म्हणजे खटल्याचं शेवटी काय झालं. राज्यभराचं बघायचं तर डीपीएस या राज्याच्या खात्याकडे थोडे पैसे भरून नावावरून शोध घेता येतो, पण तिथं लोकांना दिसतात त्या शिक्षा आणि डिफर्ड ॲडज्युडिकेशनची, म्हणजे अटी घालून दोषी ठरवणं पुढं ढकललेली, प्रकरणं. नुसती अटक दिसत नाही. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही तिथंच आहे आणि ती फुकट बघता येते. घराचा पत्ता ठरवण्याआधी ती मात्र बघच.

रोस्टर वाचताना नवा माणूस घाबरतो. डीडब्ल्यूआय म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. एफटीए म्हणजे तारखेला कोर्टात हजर न राहणं. एमटीआर म्हणजे प्रोबेशनच्या, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याच्या, अटी मोडल्या म्हणून ते रद्द करण्याचा अर्ज, त्यात नवा गुन्हा असेलच असं नाही. ‘पीजी १, १ ग्रॅमपेक्षा कमी’ म्हणजे अमली पदार्थ. ‘होल्ड फॉर’ आणि पुढं दुसऱ्या काउंटीचं नाव असेल तर तो पाहुणा कैदी. आणि आमच्या भागातून इंटरस्टेट ४० हा महामार्ग जातो. रस्त्यालगतच्या काउंट्यांच्या यादीत कॅलिफोर्नियाहून पूर्वेला निघालेले, गाडीत माल सापडलेले लोक असतात. गावाशी त्यांचा संबंध एवढाच की गाडी इथं अडवली गेली. यादीवरून गाव सुरक्षित की नाही ठरवणं म्हणजे पुणे-बंगळुरू रस्त्यावरच्या नाकाबंदीवरून कराडकरांची पारख करण्यासारखं आहे.

घरमालकासाठी तर ही वाटच चुकीची. प्रत्येक काउंटीचं ‘अप्रेझल डिस्ट्रिक्ट’ असतं. तिथं पत्ता टाकला की घर कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. भाडं मागणारा आणि मालक एकच आहे का, हे आधी बघ. साताऱ्यातून आगाऊ रक्कम पाठवणाऱ्यांची फसवणूक इथंच होते. मग त्या नावानं जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात भाडेकरूंना काढण्याचे किती दावे आहेत ते विचार. भाडेकरूला त्याचा उपयोग मालकाच्या अटकेपेक्षा जास्त.

आता आमची गोष्ट. २०१६ साली यजमानांना गाडीची नोंदणी संपली म्हणून तिकीट, म्हणजे दंडाची चिठ्ठी, मिळालं. आम्ही नुकतंच घर बदललं होतं, कोर्टाची पत्रं जुन्या पत्त्यावर गेली. तारीख चुकली, वॉरंट निघालं. चार महिन्यांनी मागचा दिवा बंद होता म्हणून गाडी थांबवली आणि वॉरंट दिसताच हातात बेड्या. पाच तास आत. जामीन भरून घरी आले तोवर फोटो रोस्टरवर आणि दोन दिवसांत एका खासगी संकेतस्थळावर. शेरीफच्या यादीतून नाव गेलं, तिथून गेलं नाही. कराडहून चुलत सासऱ्यांचा फोन आला, ‘काय केलंस रे?’ तेव्हा कळलं की जग किती लहान आहे. पुढं न्यायाधीशांनी डिफर्ड डिस्पोझिशन दिलं, म्हणजे अटी घालून निकाल पुढं ढकलला, मुदत पाळल्यावर प्रकरण खारीज झालं आणि वकील लावून आम्ही एक्सपंक्शनचा, म्हणजे नोंदच पुसण्याचा, आदेश मिळवला. फोटोंची अशी दुकानं चालवून काढायचे पैसे मागणाऱ्यांसाठी टेक्सासात २०१३ पासून कायदा आहे. चुकीच्या नोंदीची तक्रार आली तर त्यांना ती फुकट तपासावी लागते, आणि पुसलेली नोंद छापता येत नाही. आदेशाची प्रत जोडून पत्र लिहिल्यावर आमचा फोटो उतरला. फोटो काढायला एक डॉलर देऊ नकोस, दिलास तर उलट तो दुसऱ्या संकेतस्थळावर उगवतो.

यात एक गोष्ट वकिलानं वेळेवर सांगितली म्हणून वाचलो. नोंद पुसण्याच्या आधी डिस्पोझिशनच्या शिक्क्याच्या चार प्रती घेऊन ठेवल्या. पुसल्यावर क्लार्ककडे देण्यासारखं काही उरत नाही. आणि व्हिसाचा डीएस-१६० अर्ज विचारतो की कधी अटक झाली होती का, माफी वगैरे मिळाली असली तरी. तिथं ‘नाही’ लिहिणं म्हणजे नसलेला गुन्हा अंगावर घेणं. ‘हो’ लिहायचं आणि प्रत मुलाखतीला बरोबर न्यायची. बुकिंगचे ठसे एफबीआयमार्फत इमिग्रेशन खात्यापर्यंत जातात, तेव्हा लपवून काही साधतही नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटकसुद्धा व्हिसा रद्द व्हायला पुरते, शिक्षा व्हावी लागत नाही. शिक्षक म्हणून तुझे ठसे तर इथं नोकरीसाठीच घेतले जातील, आणि पुढं अटक झाली तर शाळेला राज्याकडून आपोआप कळतं.

तुला वाटेल, आपण सरळमार्गी माणसं, आपल्याला कशाला अटक? लागो व्हिस्टा हे ऑस्टिनजवळचं गाव. १९९७ मध्ये गेल अॅटवॉटर नावाच्या बाईंनी आणि गाडीतल्या दोन लहान मुलांनी सीटबेल्ट लावला नव्हता. जास्तीत जास्त दंड ५० डॉलर. पोलिसानं बेड्या घालून ठाण्यात नेलं, फोटो काढला, तासभर कोठडीत ठेवलं, ३१० डॉलरचा जामीन घेतला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की अशी अटक राज्यघटनेत बसते. टेक्सासात साध्या वेगाच्या तिकिटाला ही अटक करता येत नाही. वाहतुकीच्या बाकी बहुतेक चुकांना येते.

चिरंजीव आता १६ चे आहेत असं लिहिलंस, म्हणून हेही. टेक्सासात फौजदारी कायद्यापुरतं १७ वर्षांचं पोर सज्ञान धरलं जातं. १७ पूर्ण होण्याआधीच्या गोष्टीची नोंद गोपनीय असते. वाढदिवसानंतर मित्रांबरोबर केलेल्या त्याच उद्योगाची नोंद फोटोसकट रोस्टरवर येते. त्याला हे विमानात बसायच्या आधी सांग, आणि ओरडून नको.

आपल्याकडेही जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांची नावं फलकावर लावायचा नियम २००८ च्या दुरुस्तीनं आला. मी तरी तो फलक वाचणारा माणूस पाहिला नाही. इथं सगळे वाचतात, एवढाच फरक.

शेवटी नावाचं. आपली नावं या यंत्रणेत हमखास अडकतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव होतं, कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’, असं येतं. आपल्या माणसाला शोधताना नाव आणि आडनाव उलटसुलट करून बघायचं, ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ बदलून बघायचं. एखाद्या पाटलाच्या नावानं दुसऱ्याच पाटलाची नोंद आली तर जन्मतारीख ताडून बघायची. भाड्याच्या घरासाठी तुझी पार्श्वभूमी तपासून नकार आला, तर अहवाल देणाऱ्या कंपनीचं नाव कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि ६० दिवसांत तो अहवाल तुला फुकट मागता येतो. तुझ्या पत्रात माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं दिसतात. पासपोर्टावर कुठलं आहे ते बघ आणि सोशल सिक्युरिटी, लायसन्स, शाळा सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगनं जाऊ दे. शाळेला याच आठवड्यात कळव, जुलैमध्ये तिथलं कार्यालय अर्धं रिकामं असतं.

— वैशालीताई