मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे दिवस आत कसे जातात? भावाला दाखल करायचं आहे, भीती वाटते. शॉक देतात, मारहाण होते, हे खरं का?

मी दोनदा दाखल झाले होते. पहिल्यांदा बावीस दिवस, नंतर नऊ. शॉक आणि मारहाण यांबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. मारहाण मी पाहिली नाही. सगळीकडे होतच नाही, असं मात्र म्हणणार नाही. शॉक शेजारच्या खाटेवरच्या मुलीला दिले, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन. त्या दिवशी तिचं डोकं दुखलं, सकाळचं काही आठवेना. पण चौथ्या-पाचव्या वेळेनंतर ती स्वतःहून जेवायला उठू लागली.

आतली खरी गोष्ट म्हणजे कंटाळा. बुटाच्या लेस, चार्जर, केसांच्या पिनासुद्धा काढून घेतात. न्हाणीघराला आतून कडी नसते. रात्री टॉर्च मारून श्वास चालू आहे ना, बघून जातात. डॉक्टरांचा राउंड पाच मिनिटांचा, उरलेला दिवस घड्याळाकडे बघण्याचा. गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची, का कोण जाणे.

पहिल्या आठवड्यात हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध सुरू झालं आणि मी व्हरांड्यात येरझारा घालू लागले. बसलं की पाय आतून ढकलायचे. मी 'फार अस्वस्थ वाटतंय' म्हणाले. आजार वाढला असं समजून डोस वाढवला. मग चौथ्या खेपेला आलेल्या एका काकूंनी मला थांबवलं. "अगं, हे तुझं मन नाही, औषध चालवतंय तुला. अस्वस्थ म्हणू नकोस. पाय एका जागी राहत नाहीत म्हण." तसंच सांगितलं. डोस कमी झाला, ही तगमग कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं, तीन दिवसांत मी बसून जेवले. औषधामुळे पाय असे न थांबण्याला अकॅथिसिया म्हणतात, हे मला घरी आल्यावर कळलं.

डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाचा 1973 चा लेखही मी घरी आल्यावरच वाचला. आवाज ऐकू येतात असं खोटंच सांगून धडधाकट माणसं दाखल झाली होती. त्यांच्यातलं कोणी वहीत लिहीत बसलं तर परिचारिकांनी तेही आजाराचं वर्तन म्हणून नोंदवलं. ही माणसं आजारी नाहीत, असा संशय आला तो खऱ्या रुग्णांना. पत्रकार सुझाना कॅहॅलन यांनी 2019 मध्ये या प्रयोगाच्या खरेपणावरच गंभीर शंका घेतल्या, तेव्हा पुरावा म्हणून मी तो पुढे करत नाही. पण वाचताना काकू आठवल्या.

भावाबरोबर दोन पुस्तकं द्या आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून द्या, मोबाईल बहुधा काढून घेतील. आधी कुठल्या औषधाने काय त्रास झाला होता, ते दाखल करतानाच केसपेपरवर लिहायला लावा. भेटायला गेलात की 'बरं वाटतंय का' हे तर सगळेच विचारतात. तुम्ही पाय कसे आहेत, झोप किती लागली, तोंडाला कोरड पडते का, हे विचारा, आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा.