मॉड्यूल बसवले, तरी ‘इम्पोर्ट’ कशासाठी?

प्रश्न : विंडोज पॉवरशेल ५.१ या कमांड देण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘इन्स्टॉल-मॉड्यूल’ देऊन मी एक मॉड्यूल (तयार कमांडचा संच) फक्त माझ्या खात्यापुरते बसवले. ‘इम्पोर्ट-मॉड्यूल’ न देताच त्यातील कमांड चालतात. मग अनुभवी लोक ती ओळ स्क्रिप्टच्या आरंभी का लिहितात? आणि पॉवरशेल ७ ला तेच मॉड्यूल का सापडत नाही?

उत्तर : ‘इन्स्टॉल’ने मॉड्यूलच्या फाइली ‘पॉवरशेल गॅलरी’ या ऑनलाइन भांडारातून उतरून डिस्कवर येतात आणि संगणक बंद केला तरी तिथेच राहतात, ‘इम्पोर्ट’ने ते मॉड्यूल चालू सत्राच्या मेमरीत चढते आणि खिडकी मिटताच उतरते. याच कारणाने ‘रिमूव्ह-मॉड्यूल’ने डिस्कवरचे काहीही पुसले जात नाही, त्यासाठी ‘अनइन्स्टॉल-मॉड्यूल’ वापरावे लागते. नावांमुळे इथे भल्याभल्यांची फसगत होते.

तुम्हाला इम्पोर्टची उणीव भासली नाही, कारण २०१२ मधील पॉवरशेल ३.० पासून एखादी अनोळखी कमांड दिली, की शेल (म्हणजे पॉवरशेल) ‘पीएस-मॉड्यूल-पाथ’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधील (फोल्डरांची यादी ठेवणाऱ्या नोंदीतील) फोल्डर धुंडाळून ती कमांड असलेले मॉड्यूल स्वतःच आयात करते. परंतु मॉड्यूल त्या फोल्डरांबाहेर असेल, एकाच मॉड्यूलच्या अनेक आवृत्त्यांपैकी विशिष्ट आवृत्तीच हवी असेल, किंवा मॉड्यूल तुम्ही स्वतः लिहीत असाल आणि प्रत्येक बदलानंतर ते ‘-फोर्स’ देऊन पुन्हा चढवायचे असेल, तर इम्पोर्ट स्पष्टपणे लिहावेच लागते. स्क्रिप्टच्या आरंभी तर ते लिहावे, असे माझे ठाम मत आहे. मॉड्यूल नसेल आणि त्या ओळीला ‘-एररॲक्शन स्टॉप’ (चूक होताच थांब) जोडलेले असेल, तर स्क्रिप्ट निम्मे काम उरकून मध्येच अडखळण्याऐवजी पहिल्याच ओळीवर थांबते.

आता तुमची दुसरी अडचण. केवळ स्वतःच्या खात्यापुरते बसवलेले मॉड्यूल ५.१ मध्ये डॉक्युमेंट्समधील ‘विंडोजपॉवरशेल’ फोल्डरात जाते, तर ७ शोधते ‘पॉवरशेल’ नावाच्या फोल्डरात. त्यामुळे ७ च्या खिडकीतून ते पुन्हा बसवावे. ‘गेट-मॉड्यूल -लिस्टअव्हेलेबल’ दिल्यास त्या शेलला कोणती मॉड्यूल दिसतात ते कळते. नुसते ‘गेट-मॉड्यूल’ मात्र चालू सत्रात चढलेलीच दाखवते.