सही माझीच आहे, मग केस होते का?

पत्र (दारव्हा तालुका, वय ३६): मॅडम, मले पाळी आली की आठ-दहा दिवस अंगावर जाये. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, गाठ हाये म्हणे. ऑपरेशन केलं, ३८ हजार घेतले. सकाळी कागद दिला, सही करा म्हणे, म्या केली, मालकानंही केली. मले वाटलं गाठच काढतीन. मंग अंगातून वाफा निघाले लागल्या, झोप नाही. सेवाग्रामले दाखवलं तं कळलं, पिशवीबी नाही अन् दोन्ही अंडाशयबी नाहीत. ऑपरेशनले सोळा महिने झाले. आता काही होते काय? अन् माह्या जावेले पांढरं जाते म्हणून त्याच दवाखान्यात येत्या मंगळवारी पिशवी काढाले बोलावलं हाये.

उत्तर: ताई, सही तुमची आहे म्हणून सगळं संपलं, असं नाही. सही म्हणजे संमतीचा पुरावा, आणि पुरावा खोडता येतो. संमती खरी धरायची तर काय करणार, कशासाठी, धोका काय, दुसरा उपाय कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे बाईला आधी सांगितलेलं असावं लागतं. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं. ४४ वर्षांच्या त्या बाईंनी दुर्बिणीने तपासणीसाठी सही केली होती. त्या भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढले. कोर्ट म्हणालं, बाई सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, तिलाच विचारायला हवं होतं. जीव धोक्यात असता तर गोष्ट वेगळी.

तुमच्या बाबतीत फरक एवढाच की सही तुम्हीच केली आहे. डॉक्टरांचे वकील पहिल्याच तारखेला तो कागद पुढे करतील. त्याआधी तो आपण पाहिलेला बरा.

म्हणून पहिलं काम फाईलचं. दवाखान्याला साध्या मराठीत अर्ज करा: माझे सर्व केस पेपर, संमतीपत्र, ऑपरेशनची व भुलीची नोंद, सोनोग्राफी, बिलं आणि पिशवी तपासणीला पाठवली असल्यास तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यांच्या प्रती द्याव्यात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दवाखान्याने ते उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचे असतात. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह पोस्टाने पाठवा. तोंडी मागायला जाऊ नका. "साहेब नाहीत, नंतर या" याला कोर्टात किंमत नसते.

संमतीपत्र हाती आलं की घाईने वाचू नका. बहुतेक ठिकाणी छापील इंग्रजी फॉर्म असतो, त्यात ऑपरेशनच्या नावापुढे रिकामी रेघ असते. तिथे "टीएएच" लिहिलं असेल तर पोट उघडून पिशवी काढणे. पुढे "बीएसओ" असेल तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही. ही अक्षरं तुमच्या सहीच्याच शाईत आहेत का? रेघेत बसवली आहेत की मागाहून कोपऱ्यात कोंबली आहेत? रेघ कोरीच असेल तर तेही आपल्याच कामाचं. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये काय काय काढलं, गाठ खरंच होती का आणि केवढी, हे येतं. काढलेला अवयव तपासणीला पाठवलाच नसेल, तर का नाही, हे विचारता येतं.

माझ्या मते तुमच्या केसचा जोर पिशवीपेक्षा अंडाशयांवर आहे. गाठ आणि इतका रक्तस्राव असेल तर पिशवी काढणं हा एक उपाय होता, असं दुसरे डॉक्टरही म्हणू शकतील. पण ३६ व्या वर्षी दोन्ही अंडाशय का काढले? वाफा, झोप न येणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, हे त्यातूनच येतं. ऑपरेशन चुकीचं होतं हे सिद्ध करायला तज्ज्ञ डॉक्टरांचं मत लागतं, आणि डॉक्टर डॉक्टरच्या विरोधात सहजासहजी लिहून देत नाही. "मला सांगितलंच नाही" या मुद्द्यावर फाईल आणि तुमची साक्ष बरंच बोलते.

मालकांची सही. ज्या ऑपरेशननंतर मूल होणार नाही, त्याला नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी असं त्याच आचारसंहितेत आहे, म्हणून दवाखाने ती घेतात. पण ती तुमच्या सहीसोबत असते, तुमच्याऐवजी नाही. घरात याच्यावरून भांडण होत असेल तर थांबवा. मालक तुमचे साक्षीदार आहेत.

पोलिसांत जायचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. तिथून सुरुवात करू नका. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं, आणि त्यात तुमचे महिने जातील. तुम्ही पैसे मोजले आहेत, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार होते, तीही तुमच्याच जिल्ह्यात, यवतमाळला. बिल पाच लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा, सेवाग्रामला कळलं त्या दिवसापासून नको. तुमच्याकडे आठ महिने आहेत. वकिलासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

मोठ्या रकमेची आस मात्र लावू नका. समीरा कोहलींना सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २५ हजार रुपये मिळाले आणि डॉक्टरांची फी माफ झाली, बस. तुमच्या वाफा, गोळ्या, बुडालेली मजुरी यांचा हिशेब दाखवला तर आकडा वाढू शकतो, म्हणून सेवाग्रामची प्रत्येक चिठ्ठी आणि बसचं तिकीटसुद्धा जपा.

आता जाऊबाई. मी डॉक्टर नाही, पण पांढरं जाण्यावर थेट पिशवी काढणं हे ऐकूनच मी थबकते. जंतुसंसर्ग असेल तर तो गोळ्यांनी बरा होतो. पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का, हे विचारा. रक्तस्राव किंवा गाठ असेल तरी गोळ्या, तांबीसारखीच बसवायची औषधाची तांबी, नुसती गाठ काढणं, असे मधले टप्पे असतात. "पोट्टे झाले, आता पिशवीचं काय काम" आणि "ठेवली तर कॅन्सर होईल" ही दोन वाक्यं मी माझ्या पक्षकार बायांकडून इतक्यांदा ऐकली आहेत की आता मीच त्यांच्याआधी म्हणते. यातलं एकही निदान नाही.

तपासून ऑपरेशन लागतंच असं ठरलं, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहावं: "माझे अंडाशय काढू नयेत, जीव धोक्यात असल्यासच काढावेत." असं लिहिण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून घ्यावा आणि बारावीतल्या एखाद्या पोरीकडून वाचून घ्यावा.

मंगळवारी तिने उपाशीपोटी त्या दवाखान्यात जाऊ नये. सोनोग्राफी आणि सगळे कागद सोबत घेऊन सकाळच्या गाडीने यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा सेवाग्रामला जावं, आणि तुम्ही सोबत जा.