१८-१४० की १८-३००? फिरायला एकच लेन्स घ्यायची तर

तुमच्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि सोबत मिळालेली १८-५५ मिमी लेन्स आहे. राहता नाशिकला, आणि फिरताना सारखी लेन्स बदलावी लागू नये म्हणून १८-१४० घ्यावी की १८-३००, असं विचारलंय. मी १८-३०० सहा वर्षं वापरली, त्यावरून सांगतो.

आधी जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि त्यांच्या माहितीत फोकल लेन्थ बघा (हाच तो मिमीचा आकडा; लहान आकड्याला जास्त परिसर फ्रेममध्ये मावतो, मोठ्याला दूरचं जवळ दिसतं). बरेचसे ५५ वर काढलेले असतील तर मोठा झूम हवाच. पण आकडा सारखा १८ दिसला, तर या दोन्हींतली एकही घेऊ नका, कारण त्याही १८ पासूनच सुरू होतात. काळारामाच्या आवारात उभं राहून अख्खं देऊळ फ्रेममध्ये बसत नसेल, तर ३०० चा उपयोग काय? तिथे १०-२० लागते.

वजनाचं म्हणाल तर १८-१४० भरते ४९० ग्रॅम आणि १८-३०० (एफ ३.५-६.३ वाली) ५५० ग्रॅम. एवढ्याने खांदा दुखत नाही.

खरी अडचण उजेडाची. ३०० वर ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही आणि १८ वरही ३.५ च. पांडवलेणीतल्या १८ नंबरच्या चैत्यगृहात तेवढ्यात भागतं. स्तूप हलत नाही. झूम १८ वर ठेवा, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) चालू करा, शटर १/१५ सेकंद केलं तरी फोटो स्वच्छ येतो. संध्याकाळी रामकुंडावर मात्र आरती करणाऱ्यांचे हात हलतात, ज्योती हलतात. व्हीआर आपला हात सावरतो, समोरच्याचा नाही. तिथले माझे कितीतरी फोटो वाया गेले, तेव्हा ३५ मिमी एफ १.८ घेतली. वजन २०० ग्रॅम, आणि एफ ३.५ च्या जवळपास चौपट उजेड.

म्हणून पक्ष्यांसाठी नांदूर मधमेश्वरला वरचेवर जाणार असाल तर १८-३०० घ्या. डी५६०० चा सेन्सर छोटा, त्यामुळे त्यावर ३०० म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ४५० सारखं दिसतं, सकाळचं ऊनही असतं. फक्त ३०० च्या टोकाला फोटो थोडा अस्पष्ट येतो, ॲपर्चर एफ ८ ला ठेवा. पक्षी नसतील तर १८-१४० आणि उरलेल्या पैशांत ३५. लेन्स बदलायची नाही हे लक्षात आहे, पण ३५ संध्याकाळी मुक्कामावरून निघतानाच लावायची, मग रात्रभर काढायची नाही.

सेकंडहँड बघत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून आत बघा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.