उगवलं नाही म्हणून नांगरू नका

प्रश्न : आम्ही आयोवात राहतो. घरामागच्या उताराची माती दर पावसात वाहून जाते, म्हणून मे महिन्यात तिथं स्विचग्रासचं नवं बी पेरलं. जुलै उजाडला तरी नुसतं तणच दिसतंय. नांगरून पुन्हा पेरावं का? आणि हे गवत आमच्या दोन शेळ्यांना चालेल का?

उत्तर : नांगर अजिबात घालू नका! नेब्रास्कात ओढ्याकाठी मी हेच गवत पेरलं, तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात रोज जाऊन बघायचे. शेवटी निराश होऊन एक पट्टा उखडला. ढेकळं फोडली, तर बोटभर पात्याखाली हातभर मुळं! त्या पट्ट्याची हळहळ अजून वाटते. हे गवत आधी खाली वाढतं, वर नंतर.

तणात गुडघे टेकून बघा. पान खोडापासून सुटतं तिथं, पानाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या लवेचा दाट पुंजका दिसला, की ते तुमचंच रोप. तण वीतभर उंचीवर छाटत राहा, म्हणजे रोपांना ऊन मिळेल. शिवाय नवं बी बरंचसं सुप्त असतं. ओल्या मातीत थंडी काढल्यावरच ते जागं होतं. म्हणून मी आता मार्चमध्येच टाकते. तुमचं राहिलेलं बी पुढच्या वसंतात वर येईल.

उतारासाठी निवड मात्र उत्तम. हे प्रेअरीचं, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांचं मूळचं गवत, पुरतं रुजलं की मुळं दहा फुटांपर्यंत उतरतात. आपल्या उपवासाची वरई याच पॅनिकम प्रजातीतली. ऑगस्टमध्ये मोकळा तुरा सुटला, की मला कोकणातल्या डोंगरउतारावरची वरी आठवते. तुमच्याच आयोवात, ओटम्वाच्या वीजकेंद्रात, हे गवत कोळशाबरोबर जाळून वीज करण्याचा प्रयोग झाला होता. मला त्याचं मोल हिवाळ्यात कळतं. बर्फाखाली बाकीची गवतं लोळतात, हे उभं राहतं आणि फेझंट पक्षी त्याच्या आडोशाला येऊन बसतात.

शेळ्यांना मात्र एक घासही नको. यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे शेळ्या, मेंढ्या, घोडे यांचं यकृत बिघडतं आणि उन्हात गेल्यावर तोंडाची, कानांची कातडी सुजून सोलते. गाईंना चालतं. उताराला कुंपण आत्ताच घाला; कोवळी रोपं तुमच्याआधी शेळ्यांना सापडतील.