गांबियात जमलं, मग नायजरमध्ये का नाही?

प्रश्न : पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेने निवडणूक हरूनही सत्ता न सोडणाऱ्या गांबियाच्या अध्यक्ष जामेह यांना पायउतार केलं, मग २०२३ मध्ये नायजरच्या लष्करी बंडापुढे ती हतबल का ठरली?

उत्तर : गांबियात निवडून आलेले नवे अध्यक्ष बॅरो मोकळे होते. १९ जानेवारी २०१७ रोजी त्यांनी सेनेगलची राजधानी डाकार इथल्या गांबियन दूतावासात शपथ घेतली आणि त्याच दिवशी सेनेगलच्या नेतृत्वाखाली इकोवासच्या फौजा गांबियात शिरल्या. देशाला तीन बाजूंनी सेनेगलचाच वेढा! तरीही वाटाघाटी थांबल्या नाहीत. दोन दिवसांत जामेह देशाबाहेर गेले.

नायजरचे अध्यक्ष बाझूम मात्र बंडखोरांच्याच कैदेत होते. त्यांना पुन्हा सत्तेवर आणा, असं सांगत इकोवासने बंडखोरांना सात दिवसांची मुदत दिली, पण इकोवासमधला सर्वांत मोठा देश असलेल्या शेजारच्या नायजेरियाच्या सिनेटने लष्करी कारवाईला पाठिंबा दिला नाही. लष्करी राजवट असलेले शेजारी माली, बुर्किना फासो उघडपणे बंडवाल्यांकडे गेले. आधी फौजेची जुळवाजुळव, मग मुदत, हा क्रम पाळायला हवा होता. इकोवासने नायजरवर लादलेल्या निर्बंधांची झळ सोसली ती सामान्यांनी: नायजेरियाने वीज तोडली, राजधानी नियामे तासन्‌तास अंधारात राहिली.